सुधाकराला औषध नव्हते काय?

दिवाळी अंकात दारूविषयी लिहावे की न लिहावे, याचा मी पुष्कळ विचार केला. समोर फराळाचे ताट आहे, अंगणात मुले भुईनळे उडवीत आहेत, वडीलधाऱ्यांनी नुकताच अंक हाती घेतला आहे. अशा वेळी हा विषय काढणे म्हणजे चकलीबरोबर कडुलिंबाचा रस वाढण्यासारखेच आहे. परंतु ज्या घरात हा विषय आहे, त्या घरात तो दिवाळीतच अधिक असतो. बोनसचा दिवस, पाहुण्यांचा राबता आणि पणत्या लावून झाल्यावर दाराकडे लागलेले डोळे हे ज्यांना ठाऊक आहे ते मला क्षमा करतील. ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान, आणि त्यांनीही दोन घटका बसावे अशी विनंती आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या हौशी मंडळींनी 'एकच प्याला' बसविले. मी पदवीधर नव्हे. मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या शिक्षकाची परीक्षा दिली आणि त्या जोरावर गेली वीस वर्षे शाळेतल्या मुलांकडून माठ आणि पेरू काढून घेतो आहे. फावल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे गावात नाटक निघाले की पडदे माझ्याकडे येतात, आणि प्रवेश कापायचे असले तर तेही माझ्याकडेच येतात. तालमी शाळेच्या हॉलमध्ये चालत. रंगाच्या वाट्या धुवायला सातवीतली एक मुलगी मागे थांबे. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी ब्रश धुता धुता तिने विचारले, "सर, ह्या सुधाकराला दवाखान्यात का नाही नेत?"

मंडळी खो खो हसली. तळीरामाचे काम करणारा आमचा किराणा दुकानदार म्हणाला, "अगं, नेला तर नाटक संपंल की!" मी शिक्षकी पेशाला साजेसे उत्तर दिले, की बाळ, त्या वेळी तसे दवाखाने नव्हते. मुलगी हसली नाही. म्हणाली, "पण आता आहेत ना? आमच्या पप्पांना नेलं होतं. दोनदा." आणि ती वाट्या घेऊन नळाकडे गेली. हे तिच्या आईच्या परवानगीने लिहितो आहे.

दुकानदाराचे उत्तर मला त्या रात्री झोपू देईना. नाट्यशास्त्रावरच्या जाडजूड ग्रंथात सापडणार नाही इतकी नेमकी टीका त्याने एका वाक्यात केली होती. दवाखान्यात नेला तर नाटक संपते! आपल्या साहित्यातला दारूडा शंभराहून अधिक वर्षे मरतो आहे किंवा शपथ घेऊन एका रात्रीत सुधारतो आहे, त्याचे कारण एवढेच आहे काय? प्रस्तुत लेखकानेही आपल्या एका कादंबरीत असाच एक माणूस मारला आहे, म्हणून हा प्रश्न मला परका नाही.

'एकच प्याला' रंगभूमीवर आले ते १९१९ साली. गडकरी त्याच वर्षीच्या जानेवारीत सावनेरला वारले; आपले नाटक उभे राहिलेले त्यांनी पाहिले नाही. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली, आणि गंधर्व मंडळीत बालगंधर्वांची सिंधू पाहून महाराष्ट्र रडला. या नाटकाच्या भाषेविषयी, कोट्यांविषयी, योगायोगांविषयी, सिंधूच्या पातिव्रत्याविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याची माझी पात्रता नाही. पण एका गोष्टीचे श्रेय गडकऱ्यांना आपण पुरते दिलेले नाही. त्यांना हा रोग दिसला होता. औषध दिसले नव्हते, आणि ते त्या काळी कोणालाच दिसले नव्हते. पण रोग त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिला होता.

आरंभच पाहा. सुधाकर चैनीसाठी पीत नाही. मानी, बुद्धिमान वकील. न्यायाधीशाशी खटका उडतो, काही काळासाठी सनद जाते, अपमान सोसवत नाही आणि तळीराम त्याला विसरण्याचे साधन म्हणून प्याला पुढे करतो. दारू पिणारा मुळात दुर्वृत्तच असला पाहिजे, ही समजूत त्या काळी घरोघर होती. आजही ती कमी झालेली नाही. गडकऱ्यांनी सभेतला सर्वांत हुशार माणूस उचलला आणि त्याच्या हाती प्याला दिला. हे धैर्य लहान नव्हे.

त्याहून मोठी गोष्ट नाटकाच्या मध्यावर आहे, आणि प्रयोग लांबतो म्हणून हौशी मंडळी नेमकी तीच कापतात. (आमच्या मंडळींनीही कापायला सांगितली होती.) सुधाकर शुद्धीवर येतो, दारू सोडण्याचा निश्चय करतो. तो निश्चय खरा आहे. मग तो जुन्या ओळखीच्या प्रतिष्ठितांकडे काम मागायला जातो. तिथे त्याला काय मिळते? उपदेश, टोमणे आणि बंद दारे. परत येतो तो पुन्हा प्याल्याकडेच येतो. आज व्यसनमुक्तीचे काम करणारी माणसे आपल्याला सांगतात की दारू सोडणे ही निम्मी लढाई. उरलेली निम्मी समाजाच्या दाराशी लढावी लागते. पगाराची जागा गेलेली, उधारी थकलेली, 'हा काय टिकणार' असे ओठ मुडपून म्हणणारे शेजारी. गडकऱ्यांनी हा प्रवेश लिहिला तेव्हा या विषयाचे शास्त्र जन्मले नव्हते. मी तो प्रवेश कापला नाही. मंडळी रागावली, प्रयोग वीस मिनिटांनी लांबला, आणि शेवटची एस. टी. चुकलेल्या काही प्रेक्षकांना शाळेच्या व्हरांड्यात झोपावे लागले.

आता उपचार. 'एकच प्याल्या'त उपचार मुळीच नाही असे नव्हे. तो आहे, पण विनोदी प्रवेशात! तळीराम अंथरुणाला खिळतो आणि त्याच्या उशाशी डॉक्टर व वैद्य यांची जुंपते. दोघेही आपापले शास्त्र पाजळतात, रोगी मधल्या मध्ये मरतो आणि प्रेक्षागृह हसून लोळते. मला वाटते, गडकऱ्यांनी इथे सरळ गंभीरपणे सांगता न येणारी गोष्ट हसत सांगितली आहे: या रोगावर दोन्ही पेट्यांत काही नाही. १९१९ साली ते खरेही होते. यकृत सुजले, पोटात पाणी झाले, की त्यावर मात्रा किंवा मिक्श्चर मिळे. पण माणूस उद्या पुन्हा का पितो, यावर एकही पुडी नव्हती. होता तो उपदेश आणि होती ती शपथ.

आणि याच ठिकाणी गडकऱ्यांचा हात सुटला, असे माझे मत आहे. भगीरथ हे पात्र आठवा. प्रेमभंगाने दारूकडे वळलेला हा तरुण रामलालच्या बोलण्याने जागा होतो आणि लोकसेवेला लागतो. पुन्हा त्याला दारूची आठवणही होत नाही. एका बाजूला सुधाकराचे इतके खरे घसरणे, आणि दुसऱ्या बाजूला भगीरथाचे इतके सोपे सावरणे! प्रेक्षक घरी जाताना काय घेऊन जातो? ज्याचे मन खंबीर तो भगीरथ, ज्याचे दुबळे तो सुधाकर. म्हणजे औषध एकच: मन खंबीर कर. शपथ घे. मोडलीस तर तू संपलास.

खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'त, १९१३ साली, शुक्राचार्यांनी मद्याचा त्याग केला तोही असाच एका झटक्यात; पण ते ऋषी होते आणि कथा महाभारतातली होती, तेव्हा तिथे तक्रार नाही. पुढे १९३९ साली मुंबई इलाख्यात दारूबंदी आली, त्याच साली अत्र्यांच्या कथेवर मास्टर विनायकांनी 'ब्रँडीची बाटली' हा बोलपट काढला. त्यात गरीब बिचारा नायक नायिकेच्या आजारी भावासाठी औषध म्हणून ब्रँडी शोधीत गावभर हिंडतो. दारूवर औषध शोधायचे सोडून दारूच औषध! हसून पुरेवाट होते. पण तो वेगळा मामला. मी उगाच वाहवत चाललो.

शपथेविषयी मी इतक्या त्वेषाने लिहितो, त्याला कारण आहे. माझे थोरले बंधू वारले त्याला आता पंधरा वर्षे झाली. ते कशाने गेले असे कोणी विचारले, की आमच्या घरी सगळे एकच उत्तर देत: काविळीने. ते खोटेही नव्हते. शेवटी कावीळ झालीच होती. पण कावीळ का झाली हे कोणी सांगत नसे. मीही सांगितले नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितले नाही, मित्रांत सांगितले नाही, आज या अंकात प्रथम लिहितो आहे.

दादा उपचाराला गेले होते. एकदाच. महिनाभर राहून परत आले, तेव्हा गालांवर मांस चढले होते आणि त्यांनी माझ्या मुलीला मांडीवर घेऊन पाढे म्हणून दाखवले. सात महिने त्यांनी थेंबाला स्पर्श केला नाही. आठव्या महिन्यात एका लग्नाहून येताना ते पिऊन आले. त्या रात्री आम्ही सर्वांनी मिळून एक निकाल दिला. "पैसे पाण्यात गेले," हे वाक्य माझे आहे. दुसऱ्या कोणाचे नव्हे. त्यांना पुन्हा पाठविण्याचा विषय वहिनींनी दोनदा काढला आणि दोन्ही वेळा मी तो खोडून काढला. शपथ मोडली होती ना! आमच्या लेखी ते सुधाकर झाले होते, आणि सुधाकराचा पाचवा अंक आम्हाला पाठ होता.

पुढे फार उशिरा मला कळले ते असे. हा रोग मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या जातीचा आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९५६ सालीच त्याला आजार म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाला मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले. मधुमेह्याची साखर दिवाळीत वाढली म्हणून कोणी त्याचे औषध कायमचे बंद करते काय? व्यसनात पाय पुन्हा घसरणे हे रोगाचे लक्षण आहे. ते घडले की पुन्हा डॉक्टरकडे जायचे असते, निकाल द्यायचा नसतो. सात महिने ही हार नव्हती. ती आमच्या दादांच्या अखेरच्या वर्षांतली सर्वांत मोठी कमाई होती, आणि आम्ही ती मोजलीच नाही.

जरा उपचाराकडेच पाहू, कारण दवाखान्यात नेला तर नाटक संपते हे खरे आहे काय, याचा छडा तिथेच लागेल. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली, तर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. पुढच्या दोन-तीन दिवसांत काहींना फिट येते. काहींना भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसे हाका मारतात, ताप चढतो. वेळीच औषध मिळाले नाही तर माणूस यात दगावू शकतो. कोंडून घातला की सुटेल, म्हणून आपल्याकडे दाराला बाहेरून कडी लावण्याची चाल आहे. ती किती घातक आहे हे यावरून ध्यानात यावे. दवाखान्यात झटके व थरथर आवरणारी औषधे देतात, 'ब' जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात आणि आठवडाभरात शरीर स्थिरावते. गर्दचे, म्हणजे ब्राउन शुगरचे, उलट आहे. तिची 'टर्की' भयंकर असते. हाडे मोडल्यासारखी दुखतात, नाकाडोळ्यांतून धारा लागतात, पण सहसा तिने जीव जात नाही. जीव जातो तो मागाहून. काही आठवडे सुटलेल्याने पुन्हा पहिल्याइतकीच मात्रा घेतली की सवय मोडलेल्या शरीराला ती सोसत नाही.

मग गोळ्या आहेत. १९४८ साली डेन्मार्कमधल्या हाल्ड आणि याकोब्सेन या संशोधकांनी डायसल्फिरामचा गुण दाखवून दिला. ही गोळी घेतलेल्याने दारू घेतली की तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, उलट्या होतात. डॉक्टरच्या देखरेखीखाली, रोग्याच्या संमतीने ती उपयोगी पडते. पण एस. टी. स्टँडच्या भिंतींवर 'पिणाऱ्याला न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती असतात, त्यांना भुलून चहाभाजीत पुड्या कालवणाऱ्या आयाबहिणींना मी हात जोडून सांगतो, की असे करू नका. त्या पुडीत काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि त्यात अशी गोळी असली तर तीवर प्यालेली दारू जिवावरही बेतू शकते.

आणि एक हकीकत नाटककाराच्या तोंडाला पाणी सुटावी अशी आहे. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी १९३५ साली एक शेअरबाजारातला माणूस आणि एक शस्त्रवैद्य असे दोन दारूडे एकमेकांना भेटले. कोणी कोणाला उपदेश केला नाही. दोघेही बुडालेलेच, एकाने दुसऱ्याला आपली गोष्ट सांगितली. मध्ये एकदा त्या शस्त्रवैद्याचा पाय घसरला. त्याला शस्त्रक्रियेला जायचे होते, हात कापत होते, म्हणून मित्राने हात स्थिर राहावा एवढ्यासाठी त्याला बिअर दिली. तो त्याचा शेवटचा प्याला. १० जून १९३५ ही त्याची तारीख मानतात, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही जगभर पसरलेली संस्था त्या दिवसापासून आपले वय मोजते. या मंडळींच्या सभांत जन्मभराची शपथ घेत नाहीत. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही एवढेच ठरवितात. आणि टाळायचा असतो तो दहावा प्याला नव्हे, पहिला. गडकऱ्यांनी नाटकाचे नाव ठेवताना जे ओळखले तेच यांनी ओळखले. फरक असा, की गडकऱ्यांच्या प्याल्यानंतर पाच अंकांचा अंधार आहे, आणि यांच्या सभेत, आज सोळा वर्षे झाली, असे कोणी उभा राहून सांगतो तेव्हा चहाचे कप खाली ठेवून लोक टाळ्या वाजवितात.

मराठीत हे सर्व प्रथम घरोघर पोचविले ते अनिल अवचटांनी. मित्राच्या मुलाच्या निमित्ताने ते गर्दच्या मागे लागले, 'गर्द' हे पुस्तक लिहिले. ते लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. चालविले ते त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी. लोक त्यांना सुनंदा या नावाने ओळखत. १९९७ साली त्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या मागे लेकीने हे काम पुढे नेले. अनिल अवचटही २०२२ च्या जानेवारीत गेले. 'मुक्तांगणची गोष्ट' हे त्यांचे पुस्तक मी तीनदा वाचले आहे, आणि टीकाकार म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटते.

अवचटांचे वाक्य आखूड. त्यात अलंकार नाही, कोटी नाही. गडकऱ्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाचे गद्य. शेजारी ओट्यावर बसून सांगावे तसे ते सांगतात, आणि एखाद्या भयंकर गोष्टीनंतर क्षणभरही थांबत नाहीत. पहिल्या वाचनात मला हे गद्य बेचव वाटले. दुसऱ्या वाचनात कळले, की दारूड्याच्या गोष्टीला जी रडण्याची सवय लागली आहे ती मोडायला हेच गद्य हवे होते. पस्तीस दिवसांचा मुक्काम, सकाळची कामे, झाडलोट, योगासने, गटात बसून बोलणे; बरे झालेले रोगीच पुढे कार्यकर्ते होऊन नव्यांना सांभाळतात. यात शिट्टी नाही, टाळी नाही, पण उत्कंठा आहे. हा टिकेल का? उद्याचा दिवस निघेल का? मराठी कादंबरीला ही उत्कंठा कधी दिसलीच नव्हती. कोण मरतो याचीच ती वाट पाहत असे.

एक उणेही सांगतो. संस्थेची गोष्ट संस्थेच्या दारातून दिसेल तेवढीच दिसते. रोगी आत आला की तो दिसतो, परत घसरून आला तरी दिसतो. पण छत्तिसाव्या दिवशी तो आपल्या चाळीत, आपल्या गल्लीत पाऊल ठेवतो तिथे पुस्तकाचा कंदील पोचत नाही. कोपऱ्यावरचा जुना मित्र, खिशातले पहिले पैसे, रात्री अकराला बायकोने नकळत घेतलेला तोंडाचा वास, हे लिहिणे कादंबरीकाराचे काम होते. अवचटांनी त्यांचे काम चोख केले. आम्ही आमचे केले नाही.

सिंधूकडे पुन्हा जावे लागेल, कारण माझ्या घरी ती होती. नाटकाच्या शेवटी मूल गेलेले, स्वतः मरणोन्मुख, आणि फौजदारापुढे सिंधू नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे सांगते. त्या प्रवेशाला न रडलेला मराठी माणूस विरळा. मी अजून रडतो. पण आता रडताना लाजही वाटते. मुक्तांगणात रुग्णांच्या पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट चालतो. अशा गटांत बायकांना पहिली गोष्ट समजावून सांगतात ती ही, की पांघरूण घालू नका. तुम्ही दारू त्याच्या घशात ओतलेली नाही, तेव्हा दोष तुमचा नाही. आणि साहेबांना फोन करून 'त्यांना ताप आहे' असे सांगणे, त्याची उधारी परस्पर फेडणे, मुलांना गप्प बसविणे, याने रोग पोसला जातो. शंभर वर्षे आम्ही ज्या गोष्टीला स्त्रीचे सर्वोच्च सौंदर्य म्हणून टाळ्या दिल्या, तिलाच आता वैद्यकशास्त्र रोगाचा आहार म्हणते. सिंधूची निंदा करायची नाही. तिच्यापुढे तेव्हा दुसरी वाट काय होती? पण आजच्या मुलीला सिंधू दाखविताना दुसरी वाट असल्याचे कोणीतरी सांगायला नको काय? केंद्र सरकारसाठी झालेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली आला. त्यात दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकालाच काही उपचार किंवा मदत मिळते असे दिसले. उरलेल्या सदतीस घरांत काय सांगत असतील? कावीळ, ताप, पाय घसरून पडले.

माझ्या त्या कादंबरीतला दारूडा शेवटच्या प्रकरणात पावसाळी रात्री विहिरीत पडून मरतो. प्रकरण चार पानांचे आहे. परीक्षकांनी त्या शेवटाची स्तुती केली. एकाने त्याला अटळ म्हटले. अटळ! मला दुसरा शेवट ठाऊकच नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तक वहिनींना दिले होते. महिन्याभराने गेलो तेव्हा ते त्यांनी देवघराशेजारच्या फळीवर ठेवले होते. चहा पुढे ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, छान लिहिलंय. पण तुमच्या त्या बाईला अकरा वर्षं वाट नाही बघावी लागली." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "आणि ते सात महिने नाही आले कुठं त्यात."

ते सात महिने मी आता लिहायला घेतले आहेत. गेल्या दिवाळीपासून वीस पाने झाली. त्यात काहीच घडत नाही. एक माणूस सकाळी उठतो, दात घासतो, हात थरथरत नाहीत हे पाहतो, कामावर जातो, परत येताना एक रस्ता टाळतो. ते लिहिणे विहीर लिहिण्यापेक्षा किती अवघड आहे, हे मला आता कळते आहे.

आमचा प्रयोग मात्र झाला. त्या मुलीला मी पुढच्या रांगेत जागा दिली होती. तिची आई आली होती, आणि तिच्या शेजारी चौकड्यांच्या शर्टातला, नुकतीच दाढी केलेला एक गृहस्थ. सुधाकर कामासाठी दारोदार फिरतो तो प्रवेश चालू असताना मी विंगेतून त्यांच्याकडेच पाहत होतो. गृहस्थ मान खाली घालून बसला होता. अंक संपला, दिवे लागले आणि तो उठून बाहेर गेला. मुलगी दाराकडे तोंड करून बसली. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. तिच्या आईने काही म्हटले, तरी तिने मान वळविली नाही. पडदा ओढणाऱ्याला मी हाताने थांब म्हणून खूण केली. दोन-तीन मिनिटे गेली असतील. मग तो दारातून आत आला. त्याच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पुडी होती, आणि त्याने ती मुलीपुढे धरली.

मी तिसरी घंटा द्यायला सांगितली.